बर्फावर बारा फेऱ्या

"अमोनियाचं पुस्तक वाचताना ग्रेव्ही कोण सांडतं?"

प्रश्न मला नव्हता. वाचनालयातल्या कपाटापलीकडे कुणीतरी एकट्यानेच पुटपुटत होतं, आणि अलीकडे मी बूट काढून मोज्यांवर उभी होते.

"पान एकशे बारा... एकशे तेरा... आणि इथे तर अख्खा बटाटाच ठेवलेला दिसतोय. आता हे कुठल्या तोंडाने परत पाठवायचं?"

मी गुपचूप निघून गेले असते. पण माझे बूट दाराशी होते आणि दार त्याच्या बाजूला होतं.

"ठेवला नव्हता," मी म्हणाले. "पडला होता."

कपाटातली दोन पुस्तकं बाजूला झाली. फटीत आधी चष्मा दिसला, मग त्यामागचे डोळे.

"नाडिया बोयको?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाच महिन्यांत चार वेळा मुदत वाढवलीत. शीतयंत्रांचं पुस्तक इतके दिवस उशाशी घेणारी बाई कशी असेल, याचा मी विचार करत होतो."

"मग? कशी निघाली?"

त्याने फटीतूनच खाली पाहिलं. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"पायाला गार लागत असेल," तो म्हणाला.

हा आर्ने टॉरगर्सन. ऑक्टोबरात आमच्या ड्रायडेलच्या वाचनालयावर ग्रंथपाल म्हणून आला होता. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही, गाडी जुनी — एवढी माहिती डोरीनने त्याचं सामान उतरायच्या आतच गोळा केली होती. डोरीन आमच्या रिंकवरचं, म्हणजे बर्फावर हॉकी-स्केटिंग चालतं त्या बंदिस्त मैदानावरचं, कॅन्टीन चालवते. फ्राइज, ग्रेव्ही आणि गावाच्या खबरा, तिन्ही गरम मिळतात.

मी त्याच रिंकवर अकरा वर्षं नोकरीला आहे. गरम पाणी सोडत बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायची, कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या, स्केट्सना धार लावायची. पण भिंतीमागची यंत्रखोली, जिथे विषारी अमोनिया फिरतो आणि त्याच्या थंडीने बर्फ बर्फ राहतं, तिची जबाबदारी घ्यायची तर प्रमाणपत्र लागतं. ते गावात एकट्या वॉल्टरकडे होतं आणि वॉल्टर मार्चअखेर निवृत्त होणार होता. कौन्सिलने स्पष्टच सांगितलं होतं, प्रमाणपत्रवालं माणूस नाही तर पुढच्या हिवाळ्यात रिंक नाही. बाहेरचं कुणी आमच्याकडे यायला तयार नव्हतं. आणि उणे तीसमध्ये रिंक नसेल तर माणसांनी जायचं कुठे, भांडायचं कुणाशी?

मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा आपटलं की वर्षभर परीक्षेला बसू देत नाहीत. अभ्यासाला वेगळी वेळ कुठली? दोन खेळांच्या मधे कॅन्टीनच्या फळीवर पुस्तक उघडायचं, एका हाताने खायचं, दुसऱ्याने पान दाबून धरायचं. म्हणून ती ग्रेव्ही.

"एक प्रश्न विचारू?" आर्नेने त्याच दिवशी पुस्तकामागची सराव-परीक्षा काढली. "अमोनिया गळतीची घंटा वाजली. आधी काय कराल?"

"दार किलकिलं करून वास घेईन."

त्याने मागचं पान उघडून पाहिलं. "इथे म्हटलंय, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन करा."

"वॉल्टर वास घेतो."

"वॉल्टरला अजून वास येतो?"

"...अर्धा."

त्याने आणखी दहा प्रश्न विचारले. सात चुकले. मग तो चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला येत नाही असं नाहीये. तुम्ही प्रत्येक ठिकाणी वॉल्टरचं उत्तर देताय. परीक्षा पुस्तकाची आहे."

मी बूट घातले आणि निघून आले. दोन दिवस तिकडे फिरकले नाही. ज्याने मला सगळं शिकवलं, त्याच्याबद्दल हा कोण कालचा आलेला बोलणार? पण तिसऱ्या दिवशी वॉल्टर यंत्रखोलीच्या दारात नाक खुपसून उभा दिसला, आणि मी पहिल्यांदाच मनात पुस्तकाचं उत्तर म्हटलं. संध्याकाळी मी वाचनालयात गेले. धड मोजे घालून.

त्याने माझ्यासाठी कार्डं तयार ठेवली होती. जुन्या काळी पुस्तकांची नोंद असायची ती कार्डं, खोकीच्या खोकी पडून होती. एका बाजूला 'कोंबड्यांचे रोग', 'गव्हाच्या जाती', आणि पाठीमागे त्याच्या बारीक अक्षरात प्रश्न — कॉम्प्रेसरमध्ये द्रव शिरला तर काय होईल? खाली चार उत्तरं.

"ही कधी लिहिलीत?"

"दोन दिवस तुम्ही आला नाहीत ना," तो म्हणाला. "मोकळाच होतो."

वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडं असायचं, आणि नेमकं तेव्हा मी कामावर. मग एका गुरुवारी, म्हाताऱ्यांच्या हॉकीचा पहिला डाव संपला, मी गाडी घेऊन बर्फावर उतरले, आणि गोलमागच्या काचेपाशी आर्ने. कानावर टोपी, हातात कार्ड, काचेला चिकटवलेलं.

आधी मला कळेचना. मग वळण घेताना प्रश्न वाचला, अख्खी फेरी विचार केला, आणि पुन्हा त्याच्यासमोर आले तेव्हा तीन बोटं दाखवली. त्याने मान हलवली, दुसरं कार्ड लावलं. एका वेळच्या बर्फाला बारा फेऱ्या लागतात. बारा फेऱ्या, बारा प्रश्न. चुकलं की तो चष्मा काढून पुसायचा. बरोबर आलं की नुसता बघायचा... ते जास्त अवघड होतं.

जानेवारी असाच गेला. कठड्याला रेलून घाम पुसणारे म्हातारे माझ्याबरोबर बोटं वर करायला लागले. बहुतेकांची उत्तरं चुकीची असायची.

"ग्रंथपालाला बर्फाची फारच गोडी लागली हो," डोरीन म्हणाली.

"अभ्यास घेतो माझा."

"त्याला स्केटिंग येतं?"

"नाही."

"हॉकी कळते?"

"परवा विचारत होता, चेंडू कुठंय." बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, चकती असते.

"हं," डोरीन म्हणाली आणि माझ्या फ्राइजवर आणखी एक पळी ग्रेव्ही घातली.

आमच्या गावात 'हं' म्हणजे पुरं भाषण. हवा, पीक, शेजाऱ्याचं पित्त, यांवर माणसं तासभर बोलतील. पण डोळ्यांसमोर जे दिसतंय ते कुणी तोंडातून काढणार नाही. मीही त्याच गावची.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. एवढं आठवतं, की एकदा त्याची गाडी थंडीने चालू होईना, मी बॅटरीला लावायच्या जोडतारा घेऊन गेले, आणि तो म्हणाला, "तू हातमोजे घालत का नाहीस?" आणि स्वतःचे काढून दिले. ते अजून परत द्यायचेच राहिलेत.

परीक्षा मार्चच्या दुसऱ्या शनिवारी होती, आमच्याच वाचनालयात. कागद बंद पाकिटात येतात. मान्यताप्राप्त माणसाने फॉर्मवर सही करायची, पाकीट फोडायचं, तीन तास समोर बसायचं. यंदा ते माणूस म्हणजे आर्ने, असं मी धरूनच चालले होते.

मी गेले तर कोपऱ्यात मिसेस पेनर, कोट अंगावर ठेवून ताठ बसलेल्या. शाळेत आम्हा सगळ्यांना त्यांनी गणित शिकवलं, म्हणजे आमच्या माना अजून त्यांच्यासमोर आपोआप खाली जातात.

आर्नेने फॉर्म पुढे ओढला. पेन उघडलं. वाचत राहिला... आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"मिसेस पेनर, तुम्ही बसाल?"

"त्यासाठीच तर बोलावलंयस," त्या म्हणाल्या.

"आणि तू?" मी विचारलं.

"पायऱ्यांवर बर्फ साचलंय," असं म्हणून त्याने फावडं उचललं.

पायऱ्या स्वच्छ होत्या. मी त्यांच्यावरूनच आले होते. तीन तास मला कोऱ्या सिमेंटवर फावडं घासल्याचा आवाज येत होता.

पहिलाच प्रश्न घंटेचा. हात क्षणभर वॉल्टरच्या उत्तराकडे गेला. मग डोळ्यांपुढे काचेला चिकटलेलं कार्ड आलं, आणि मी पुस्तकाचं उत्तर लिहिलं. पुढेही तसंच. पण मन त्या टोपणावर अडकलं होतं. तिसऱ्यांदा नापास होणारीच्या कागदावर याला आपलं नाव नको होतं. दुसरं काय कारण असणार?

बाहेर आले तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"कसा गेला पेपर?"

"पायऱ्या छान निघाल्या," मी म्हणाले आणि चालू लागले.

मग मी वाचनालयात गेले नाही. तो गुरुवारी काचेशी यायचा, कार्डांविना, आणि मी वळणावर मुद्दाम घड्याळाकडे बघायची. बारा फेऱ्या इतक्या लांब असतात, हे अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

महिनाअखेरीस निकाल आला. एक्क्याऐंशी, म्हणजे पास. वॉल्टरने कागद दोनदा वाचला.

"घंटा वाजली तर, पोरी?"

"सगळ्यांना घेऊन बाहेर."

"आणि वास?"

"तुम्ही नाही घ्यायचा. आता मी सांगेन ते ऐकायचं."

त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं. मग किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "वाचनालयवाल्याला कळवलंस?"

"त्याचा काय संबंध?"

"हं," वॉल्टर म्हणाला.

त्या रविवारी दुपारी हंगामातलं शेवटचं बर्फ होतं. सगळं गाव आलेलं. मी गाडी बाहेर काढली. आर्ने काचेशी नव्हता, बर्फावर उतरायच्या फाटकाशी उभा होता, हात रिकामे. एक फेरी झाली. दुसरी. पाचवीला मी त्याच्यासमोर थांबले.

पाणी चालू असताना गाडी कधी थांबवायची नसते. गरम पाणी एका जागी साचतं, बर्फ खचतं, मग तिथे उंचवटा गोठतो. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं. माझ्या मागून वाफ वर यायला लागली. डोरीनची पळी हवेत थांबली.

"सही का नाही केलीस?"

"नाडिया, पाणी वाहतंय."

"वाहू दे."

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"त्या फॉर्मवर एक ओळ होती. परीक्षा देणाऱ्या व्यक्तीशी माझं जवळचं नातं नाही, असं लिहून द्यायचं होतं. मी खोटं लिहिलं असतं आणि उद्या कुणी बोट दाखवलं असतं, तर तुझा पेपर बाद झाला असता."

"पण आपलं कुठे काही नातं होतं?"

कठड्यावरचे म्हातारे एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायला लागले. मिसेस पेनरनी खुणेसाठी पानात घातलेलं बोट तसंच ठेवून पुस्तक मिटलं.

"तुझ्या बाजूने मला माहीत नव्हतं," आर्ने म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर तू पुन्हा दोन दिवस आली नसतीस... आणि फॉर्म हाती आला तेव्हा परीक्षेला दिवस दोनच उरले होते."

"आता परीक्षा झाली."

"हो." त्याने एकदा वाफेकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि मग माझ्याकडे. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, नाडिया. पान एकशे बारापासून."