जांभळी धार

“गहू पिकला, काढ वं बाई;
जांभूळ झालं, धार नाई.”

मोर्णा ओलांडून जुन्या अकोल्यात शिरताना उत्तमरावांना तो आवाज आठवला. शेषराव लोहाराचा. लहानपणी शाळा चुकवून ते त्याच्या भट्टीसमोर उभे राहत. तापलेलं पातं पाण्यात विझवून शेषराव ते पुन्हा मंद आचेवर धरायचा आणि गायचा. भात्यावर बसलेली त्याची बायको, पार्बताबाई, पात्यावर नजर ठेवून असायची. पिकल्या गव्हाचा रंग चढला की ती म्हणायची, “आला.” त्या घटकेला पातं काढलं तर धार जन्मभर टिके. रंग जांभळ्यावर गेला की पोलादाचं पाणी उतरलं, धार मेली.

शेषराव जाऊन बराच काळ लोटला होता. उत्तमराव पोलिसातली नोकरी सोडून अमरावतीला खाजगी तपास करत होते. आज त्यांना बोलावलं होतं शेषरावाच्या थोरल्या मुलानं, सूर्यभाननं. सोबत त्यांचे दोस्त, वलगावचे पंजाबराव होते. झेंडूचा मळा आणि न संपणारे प्रश्न, ही त्यांची मिळकत.

“चोरी झाली का?”

“नाही. पेटी जागेवर, सुऱ्या पेटीत.”

“मंग आपन कायले चाललो?”

“सुऱ्यांचा जीव गेला, असा निरोप आहे.”

पंजाबरावांनी पागोटं सारखं केलं आणि पुढचा प्रश्न गिळला.

लढाईमुळे विलायती हत्यारं यायची थांबली होती. अमरावतीच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूर्यभानचे चिमटे कुठंतरी पाहिले आणि शस्त्रक्रियेची सगळी पेटीच त्याच्याकडे मागितली. विळे-कुऱ्हाडी घडवणारं घर. रेल्वेच्या डब्याखालच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद घेऊन दोघं भाऊ, सूर्यभान आणि धाकटा देवीदास, बसले आणि त्यातून करवत, छिन्नी, चिमटे आणि मोतीबिंदूच्या सुऱ्या उतरल्या. उद्या सकाळी डॉक्टर त्या पाहायला येणार होते.

सूर्यभाननं सागवानी पेटी उघडली. पंजाबराव बघतच राहिले. करवतीचे दात तांदळाच्या कण्यांसारखे सारखे. छिन्नीत स्वतःच्या मिशा दिसत होत्या.

“हे हातानं केलं?”

“हातानं अन् बापाच्या आवाजानं,” सूर्यभान म्हणाला. मग त्यानं एक सुरी उचलली. गव्हाच्या कुसळासारखी बारीक. “अन् हे पाहा.”

उत्तमरावांनी टोक नखावर हलकं दाबलं. ते वळलं आणि वळलेलंच राहिलं. पात्यावर जांभळट झाक होती. तीही सलग नव्हती. तिच्यात बारीक फिके ठिपके होते, ओळीनं मांडल्यासारखे. सगळ्या सुऱ्यांची तीच गत. करवतीला आणि छिन्नीला मात्र काही झालं नव्हतं. प्रत्येक हत्यार पुसून आपापल्या खाचेत, कापसावर नीट निजवलेलं होतं.

पंजाबरावांनी कापूस हुंगला. “सुनेच्या बाळंतपनाची आठवन झाली लेका. काहून, कोन जाने.”

“हे आपोआप नाई होत,” सूर्यभान म्हणाला. “कोनीतरी आचेवर धरल्या. अन् आचेनं काय होते ते या घरात मले ठाऊक हाय, अन् देवाले.” देवा म्हणजे देवीदास. महादेवराव नावाचा अमरावतीचा व्यापारी विलायती हत्यारं विकायचा. तो देवीदासला आपल्या दुकानात बोलावत होता. काल तो इथं येऊनही गेला होता. “देवाले मी सांगतलं, उद्या डागतर यायच्या आत घर सोड.”

ओसरीच्या खांबाशी एक गाठोडं बांधून तयार होतं.

“काल भट्टी पेटली होती?” उत्तमरावांनी विचारलं.

“काल अवस होती. अवसेले आमच्या घरी भट्टी पेटत नाई.”

उत्तमरावांनी एकेकाला गाठलं. सूर्यभानची बायको जयवंता अंगणात राखेनं चाळणी घासत होती. तिच्या सांगण्यानुसार महादेवरावांनी तिच्यासमोरच पेटी उघडली, तोंडभरून वाखाणणी केली आणि ते स्टेशनाकडे गेले. तेव्हा सुऱ्या चांदीसारख्या पांढऱ्या होत्या. मग ती नदीवर धुणं घेऊन गेली, आणि नवरा कोळसा आणायला बाजारात.

“नदीवरून परत आले तं चायनीची ही दशा. सासूबाईनं काय भाजलं देव जाने. निंगता निंगत नाई.”

देवीदास भट्टीच्या थंड राखेसमोर उकिडवा बसला होता. महादेवरावांना काय उत्तर दिलंस, या प्रश्नावर तो म्हणाला की नाही म्हटलं. मग हे दादाला का सांगत नाहीस?

“दादानं इचारलं नाई. त्यानं सरळ गाठोडं बांधाले सांगतलं.”

“काल दुपारी तू घरी होतास?”

“होतो.”

“कोणी सुऱ्या आचेवर धरल्या ते पाहिलंस?”

देवीदासनं राखेत बोट फिरवलं. “माह्याच नावावर राहू द्या,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरात पार्बताबाई ज्वारी निवडत होती. पंजाबराव उंबऱ्यात येताच ती म्हणाली, “देवा, जेवला का रे बाप्पा?”

पंजाबराव हसले. “काकू, देवापक्षा मी दुप्पट हावो.”

पण उत्तमराव एक शब्द बोलले आणि म्हातारीचा चेहरा उजळला. “उत्तम्या. शाळा चुकवून आला का?” तिनं पाहुण्यांसाठी पेल्यात पाणी ओतलं. पेला भरला, काठावरून वाहिला, ज्वारीपर्यंत ओघळ गेला. ती ओतत राहिली. उत्तमरावांनी हलकेच पेला काढून घेतला.

थोड्या वेळानं त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

“सूर्यभान, भट्टी थंड होती. मग आच आली कुठून? शेगडीतून. सुऱ्यांवरचे ठिपके पाहा आणि जयवंताबाईंच्या हातातली चाळणी पाहा. सुऱ्या निखाऱ्यावर चाळणीत ठेवल्या होत्या.”

जयवंतानं चाळणी उलटी करून एक सुरी तिच्यावर ठेवली. भोकावर ठिपका बसला.

“आता ज्याला सूडच घ्यायचा, तो चाळणी कशाला शोधेल? सुरी दगडावर आपटली की काम झालं. इथं तर प्रत्येक हत्यार पुसून कापसात निजवलंय. हे वैऱ्याचं काम नाही. आणि पंजाबरावांना बाळंतपण उगाच आठवलं नाही. कापसाला वास आहे ओव्याचा आणि लसणाच्या सालीचा.”

“धुरी,” जयवंता पुटपुटली.

“न्हाऊ घातल्यावर लेकराला शेगडीवर देतात ती धुरी. या घरात घडलेलं नवं हत्यारसुद्धा लेकरूच. धुरी दिल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नाही. मी लहानपणी पाहिलंय. पेटीतली सगळीच हत्यारं काल न्हाली-माखली. करवत, छिन्नी जाड; त्यांना धुरानं काय होतंय? विळ्या-कुऱ्हाडींनाही आजवर काही झालं नाही. पण इतकं नाजूक लेकरू या घरात पहिल्यांदाच जन्माला आलं. आचेनं त्याचं पाणी उतरलं.”

सूर्यभानची मान सावकाश आईकडे वळली. मग भावाकडे.

“तुले ठाऊक होतं?”

“घरात शिरलो तं वास आला,” देवीदास म्हणाला. “मायचं नाव कसं घेऊ?”

सूर्यभान उठला. खांबाजवळचं गाठोडं त्यानं उचललं, आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन भावाच्या हातात सांडशी दिली. “भट्टी पेटव. पोलाद कुठी गेलं नाई. त्याले पुन्हा पानी देऊ.”

भाता श्वास घेऊ लागला. निखारे फुलले. त्या उजेडात दोघं भाऊ एकमेकांना न सांगता जागेवर बसले. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा सुरू होत होता. पंजाबराव प्रश्न विसरून पाहत होते. पण एक राहिलाच होता.

“पन काकू, तुमचा जलम गेला भात्यावर. रंग वळखनं तुमच्याकडूनच शिकले हे. पातं जांभळं होऊन राहिलं, तरी काढलं काहून नाई?”

उत्तमरावांना उत्तर ठाऊक होतं. ते सांगायचा हक्क त्यांचा नव्हता.

भाता थांबला.

पार्बताबाईनं हात पुढे केला. चाचपत सूर्यभानचा खांदा शोधला, आणि त्या आधारानं ती भट्टीच्या अगदी जवळ बसली.

“हातात धरून धुरी देत होती मी. आता हात कुठी जाते ते समजत नाई, म्हनून चायनीत ठुल्या. डागतरनं पाह्यलं असतं, तं तुह्यीच सुरी माह्या डोयात चालली असती सूर्या. अन् काई बिघडलं असतं, तं तू पुन्हा हातोडा उचलला नसता. म्हनून डोयाचं कोनाले सांगतलं नाई.”

तिनं शेकाकडे चेहरा वळवला. मोठमोठे डोळे, दोन्ही बाहुल्या दुधाळ.

“गहू कवा पिकला, जांभूळ कवा झालं, मले दिसलंच नाई रे. चालू दे आता तुह्यीच सुरी माह्या डोयात.”