डावखुऱ्याचं ताट

दिव्याची वात जरा वर कर, मग सांगते. त्या संध्याकाळी मी शेजारच्या सादायोकडे नुसतं मीठ मागायला गेले होते.

आमचे हे, तोकुजी, 'कुरोसे' जहाजावर होते. समुद्रात सुरुंग पेरणारं जहाज. पण लढाई चालू, म्हणून टपालात जहाजाचं नाव लिहायला बंदी. पत्त्यात एक अक्षर, एक आकडा, आणि वर तपासनिसाचा लाल शिक्का. हे कुठे आहेत, तेवढ्यावरून काय कळणार? त्या हिवाळ्यात तर माझीच कार्डं परत येऊ लागली. पोस्टमन हामादा नजर चुकवून म्हणायचा, "वहिनी, या आकड्याचं टपाल सध्या घेत नाहीत."

मग मी रोज ह्यांच्या नावाचं ताट मांडायचे. तेव्हा आमच्या कुरे बंदरात घरोघरी मांडत. दूर गेलेल्याचा गरम भात वाढून वाटी झाकायची. झाकणाला आतून दंव धरलं की माणूस सुखरूप. माझं झाकण कोरडं निघायला लागलं होतं.

सादायोचा नवरा वर्षापूर्वीच बुडाला होता. मेलेल्याला भात त्याच्या फोटोपुढे ठेवतात. पण तिच्या जेवणाच्या चौरंगावर चक्क ताट मांडलेलं! मी झाकण उचललं, तर आतून पाणी टपटपलं. आणि जेवायच्या काड्यांची टोकं उजवीकडे होती, डावखुऱ्याला लागतात तशी.

"अगं, तुझा नवरा उजव्या हाताने जेवायचा ना?"

"हो, ताई."

"मग हे ताट कुणाचं?"

"त्यांचंच... मी काड्या सरळ ठेवते, ताई. त्या फिरतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. डावखुरे आमचे हे! आणि ही पोर सव्वीस वर्षांची, गोरीपान, मान खाली घालून उभी. भीती मला नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सरच.

मग उलगडा झाला. हे जहाजावर गेले तेव्हा, आता सादायो राहते त्याच घरात आम्ही राहत होतो. पुढे मला ऊन हवं म्हणून मी तिच्याशी घर बदललं. ह्यांची कार्डं जुन्या नंबरावरच यायची, हामादा ती माझ्याकडे वळवायचा. पण ह्यांना कोण वळवणार? जिवंत माणूस असा न दिसता येऊन काड्या फिरवत नाही; हे आता या जगात नाहीत, ते मला तिथेच कळलं. तरी मेलेला नवरासुद्धा मी तिला द्यायला तयार नव्हते.

"माझं घर मला परत दे. आत्ताच्या आत्ता."

"ताई, नका..." एवढंच म्हणाली, आणि गादी उचलून पलीकडे माझ्या घरात गेली.

मी जुन्या जागी ताट मांडलं. काड्या मुद्दाम डावखुऱ्या ठेवल्या. विमानांच्या भीतीने सगळी गल्ली अंधारात. थोड्या वेळाने ओल्या लोकरीचा, खाऱ्या पाण्याचा वास आला. पाठोपाठ पावलं. माझ्या दाराशी थांबली...

"अहो," मी म्हटलं, "इकडे... मी इकडे आहे."

पावलं पुढे गेली. पलीकडचं दार सरकलं.

मी झाकण उचललं. कोरडं ठणठणीत. फळीच्या भिंतीपलीकडे वाटीवर काड्या वाजत होत्या. सादायो दबक्या आवाजात म्हणाली, "आणखी वाढू?"

"वाढ." आवाज ह्यांचाच होता. "पण हळू बोल... ती ऐकतेय."