हनुवटीखालचा डाग

"तुझं तोंड किती उघडतं?"

अनोळखी मुलाला कुणी असा प्रश्न विचारतं का? पण अनोळखी मुलाशी बोलून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला ती कधी मागे हटत नसे. शिवाय दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेला तो मुलगा… बरं, दिसायला बरा होता!

त्यानं मांडीवरची व्हायोलिनची पेटी बाजूला ठेवली. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बत्तीस मिलिमीटर. तुझं?"

"अठ्ठावीस."

दोघांना एकदमच हसू फुटलं – आणि दोघांनी एकदमच गाल धरले.

"हसवू नकोस ना! दुखतं!"

दोघांचं दुखणं एकच. लहानपणापासून हनुवटीखाली व्हायोलिन दाबून धरून कानाजवळचा जबड्याचा सांधा कुरकुरायला लागलेला. अशाच वादकांवर इथल्या डॉक्टरताई संशोधन करत होत्या. अर्ध्यांनी सहा आठवडे व्हायोलिनला हातही लावायचा नाही, उरलेल्यांनी व्यायाम करत वाजवत राहायचं. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा कॉलेजातली ही बडबडी मुलगी विश्रांतीच्या गटात गेली आणि तो वाजवणाऱ्यांच्या.

दर मंगळवारी ताई सांधा दाबून बघायच्या, पट्टीनं मोजायच्या, दहापैकी किती दुखतं ते विचारायच्या. तरी मंगळवार तिला आवडायला लागला होता! तपासणी झाली की दोघं समोरच्या दुकानात चहा प्यायची. तो बिस्किटाचे बारीक बारीक तुकडे करून तिच्यापुढे सरकवायचा.

"घ्या आजीबाई."

"आधी तुम्ही, आजोबा. कवळी सांभाळून!"

एकदा तो म्हणाला, "तुझ्या हनुवटीखालचा डाग पुसट झालाय." व्हायोलिन टेकून टेकून वादकांना पडतो ना, तो लालसर डाग.

"एवढं निरखून बघतोस?"

"नको बघू?"

ती उगाचच खिडकीबाहेर बघायला लागली. कान मात्र तापले होते…

मग एका दुपारी, त्याच्या सरावाच्या खोलीत, तो एक धून वाजवत होता. दोन व्हायोलिनांची धून. दुसऱ्या व्हायोलिनची जागा आली की तो थांबायचा, आणि खोलीत नुसती शांतता.

"इथे तू हवीस," तो म्हणाला. "एकदाच… वाजवतेस?"

एकदाच! दुसऱ्या दिवशीही एकदाच. मग रोजच. दोन्ही व्हायोलिनं एकात एक मिसळली की जबड्यातली कळसुद्धा तिला गोड वाटायची.

पुढच्या मंगळवारी ताई तिच्या हनुवटीकडे बघत राहिल्या. "हा पुन्हा लाल कसा? वाजवलंस?"

"छे हो ताई, स्कार्फ घासला."

सहा आठवडे संपले. तिचं दुखणं वाढलेलंच. ताई सोबत आलेल्या तिच्या बाबांना म्हणाल्या, "हिला विश्रांतीनं काही फरक पडला नाही. व्हायोलिन सोडलेलंच बरं."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर त्यानं सगळं ऐकलं. ती बाहेर आली तसा तो उठला. "आत जा. खरं सांग त्यांना."

"म्हणजे संशोधनातून माझं नाव काढून टाकतील! आणि तू कोण मला शिकवणारा? 'एकदाच' कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणालो होतो." त्यानं पेटी उचलली. "मी असेन तोवर तू वाजवतच राहशील. त्यापेक्षा मी नसलेलाच बरा."

'थांब' – एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. पुढच्या मंगळवारी ती त्याला शोधत दवाखान्यात गेली, तर बाक रिकामा होता. दूरच्या शहरातल्या वाद्यवृंदात तो गेला म्हणे. फोनवर त्याचे दोनच शब्द आले… "बरी हो."

त्या संध्याकाळी बाबा व्हायोलिनला गिऱ्हाईक शोधत होते आणि आई शेवटचं म्हणून ते पुसत होती.

"बाबा, विकू नका. मी विश्रांती घेतलीच नाही. रोज वाजवत होते, आणि ताईंना खोटं सांगितलं."

"अगं, पण का?"

"एकाच्या सोबतीनं वाजवायचं होतं, आई."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातात दिली.

"उद्या मी ताईंना सगळं सांगणार आहे. नाहीतर माझ्यामुळे ताई सगळ्यांनाच सांगत बसतील, विश्रांतीचा उपयोग नाही म्हणून. आणि आजपासून सहा आठवडे, खरेखुरे. मी रडले तरी किल्ली देऊ नकोस."

आईनं तिची हनुवटी हलकेच वर केली. "हा डाग जाईल गं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "मग मी ती धून वाजवणार. माझी बाजू तेवढी. त्याची जागा आली की… थांबणार."