अय्यूब पिंजाऱ्याची तात

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही.

साल १९६८. फेब्रुवारीतला एक गुरुवार. पनवेलचा मोहल्ला.

आणि वेळ रात्रीची नाही... दुपारी पावणेतीनची. बाहेर लख्ख ऊन होतं.

माझे वडील कमळाकर यांचा तेव्हा ऑर्केस्ट्रा होता. हळदीला, लग्नाला वाजवायचे. त्यात बास गिटार वाजवायचा इलियास. मला तो काका, पण त्या वेळी चोवीसचा होता, म्हणून एकेरीतच सांगतो.

बास गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जाची गिटार. मुंबईत पाच-सहा गिटारी वाजवून बघून इलियासने त्यातली सगळ्यात जड आणि कुरूप उचलली होती. घरी आणून तिच्यावर कानस चालवली, तारा बसतात त्या खाचा रुंद केल्या. तरी ती पत्र्यासारखी खणखणायची. शेवटी त्याने तारांच्या मुळाशी पिंजलेल्या कापसाची पट्टी दाबून बसवली.

आवाज एकदम गोल झाला. थेट छातीत वाजायला लागला.

कापूस घरचाच होता. त्याचे अब्बा, अय्यूब, पिंजारी. ओसरीवर त्यांची कापूस पिंजायची धनुकली टांगलेली असायची. तिला आतड्याची तात, म्हणजे ताणून बांधलेली दोरी. तातीवर लाकडी दस्त्याचा ठोका पडला की कापूस फुलायचा.

टुंग... टुंग... टुंग-टुंग.

काम संपलं की अब्बा तात सैल करूनच उठायचे. ती कसलेली ठेवून त्या घरात कधी कोणी जेवायला बसलं नव्हतं.

नोव्हेंबरात अब्बा गेले. धनुकलीपाशी, बसल्या बसल्या.

इलियास तेव्हा आतल्याच खोलीत होता. मधे फक्त एक भिंत. पण त्याने ॲम्प्लिफायर मोठा केला होता, खर्ज नुकता कुठे जमत होता... आणि बाहेरची टुंग-टुंग कधी थांबली, ते त्याला कळलंच नाही.

अम्मी बाजारातून आली, तिने हाक मारली, तेव्हा कळलं.

तो रडला नाही. जनाज्याला खांदा दिला, माती दिली, पंधरा दिवसांनी पुन्हा वाजवायला लागला. लोक म्हणाले, पोराचं काळीज दगडाचं आहे. तसं नव्हतं. त्याला काही वाटतच नव्हतं. जेवण बेचव लागायचं, झोप मात्र गाढ लागायची, आणि त्याचीच त्याला लाज वाटायची.

फेब्रुवारीत, बुधवारी, गिटारीची सगळ्यात जाड तार तुटली.

"शनिवारी जासईला हळद हाय," माझे वडील म्हणाले. "तीन वाजता टेम्पो निघल. खर्ज नसंल तर मना दुसरा मानूस बघावा लागंल, इल्या. मंग तोच ऱ्हाईल. राग मानू नको."

मुंबईच्या दुकानात तार आठ दिवसांनी मिळणार होती. इलियासकडे वाजवण्याशिवाय दुसरं काहीच उरलं नव्हतं. गुरुवारी दुपारी त्याची नजर धनुकलीकडे गेली.

तात तशीच होती. कसलेली. नोव्हेंबरपासून ती सैल करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"अम्मी, तात घेऊ का?"

अम्मी, म्हणजे हव्वाबी, आत तांदूळ निवडत होती. "घे. पन आधी सैल कर हां, बेटा."

तोवर त्याने ती सुरीने कापलीही होती.

विजेच्या गिटारीला लोखंडी तारच लागते. खालच्या लोहचुंबकाला नुसत्या तातीचा पत्ताही लागत नाही. हे इलियासला पक्कं ठाऊक होतं. तात मापाला बसवून बघायची, मग काढून तिच्यावर बारीक लोखंडी तार गुंडाळायची, असा त्याचा बेत होता.

त्याने तात चढवली. पिळली. ॲम्प्लिफायर चालूच होता.

अंगठ्याने छेडली. स्पीकरमधून काहीच आलं नाही. यायला नकोच होतं.

तार गुंडाळायला घ्यावी म्हणून तो वळला...

टुंग.

हात लागला असेल, असं त्याला वाटलं. त्याने दोन्ही हात वर केले.

टुंग... टुंग... टुंग-टुंग.

आवाज स्पीकरमधून येत होता. तात हलत नव्हती. बाकीच्या तीन ताराही हलत नव्हत्या.

त्याने प्लग ओढला. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला.

टुंग... टुंग...

आता आवाज ओसरीवरून येत होता.

तो दारात गेला. धनुकली टांगलेली होती, तिच्यावर तात नव्हती. खाली उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू तरंगत होते. तीन महिने त्या ओसरीवर कोणी कापूस पिंजला नव्हता.

इलियास जागचा हलला नाही. त्याला भीती वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

टुंग... टुंग... टुं...

थांबलं.

ठोका पुरा झालाच नाही. तंतू हळूहळू खाली बसले.

मागे अम्मी उभी होती. हातात तांदळाचं सूप. चेहऱ्यावर काही नाही.

"अम्मी... तू ऐकलंस?"

"मी तर रोज ऐकते," ती म्हणाली. "याच टायमाला. तू वाजवत असतोस ना, तुला ऐकू नाय यायचं."

मग तिने विचारलं, "आज ऐकलंस ना, थांबलं ते?"

इलियासने मान डोलावली. ती तांदूळ निवडायला परत गेली.

संध्याकाळी त्याने तात काढली. सैल केली, गुंडाळली, धनुकलीला बांधून ठेवली. वाटलं, मिटलं.

शुक्रवारी पावणेतीनला ते पुन्हा वाजलं.

शनिवारी टेम्पो थोडा आधीच, पावणेतीनच्या सुमाराला आला. कुठूनतरी जुनी तार मिळवून माझे वडील दारात हॉर्न वाजवत होते. मग हाका मारल्या, शिव्या घातल्या. इलियास ओसरीवर बसला होता. समोर दिसत होता, पण उठत नव्हता. शेवटी टेम्पो गेला, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला. कायमचा.

"डोकं फिरलंय वाटलं मना," वडील सांगायचे. "नुसती मान वाकडी करून बसला होता."

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. मागच्या वर्षी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. घर नवीन, तिसऱ्या मजल्यावर. धनुकली कधीच मोडीत गेली. बोलता बोलता त्यांनी हात वर केला, मला गप्प केलं.

पंखाही बंद केला.

मी कान देऊन बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही...

"थांबलं," काका म्हणाले, आणि त्यांनी पंखा लावला.

मी घड्याळ बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.