आखणीवाल्याचा खांदा

लालबागच्या त्या गणपतीच्या कारखान्यात इरावती शिरली मात्र, वरून गुलाबी रंगाचा भलामोठा थेंब थेट तिच्या पांढऱ्या ओढणीवर पडला.

"अहो! खाली माणसं आहेत!"

परांचीवरून, गणपतीच्या सोंडेआडून एक चेहरा डोकावला. दाढीला रंग, गालाला रंग आणि डोळे... हाय, ते डोळे!

"सॉरी हां मॅडम. बाप्पाला लावत होतो, तुम्हाला लागला. पण शोभतोय!"

हा रघुवीर, गणपतीचे डोळे आखणारा. मूर्तीचं अंग कोणीही रंगवावं, डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताची, आणि इथं तो हात रघूचा. इरावती परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपी शिकत होती. कोळणी, पोलीस, मूर्तिकार, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे... कोणाचा खांदा कसा दुखतो आणि कशानं मोकळा होतो, हे तिचं संशोधन. मूर्तिकार हुडकायलाच ती आली होती. रघू उजवा हात पोटाशी धरून खाली उतरला, तेवढ्यावरून तिनं ताडलं.

"उजवा खांदा ना?"

"आयला! कसं ओळखलंत?"

"कामच आहे माझं ते."

तो इस्पितळात येऊ लागला. गणपतीआधी हात डोक्यावर जायला हवा, नाहीतर यंदाचे डोळे चुलतभावाकडे, निलेशकडे जाणार, ही त्याला धास्ती. दर वेळी ती विचारायची, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" आठवर असलेला रघू भराभर खाली येत गेला.

"एवढ्यात चारवर?"

"तुम्ही हसलात की उतरतो आकडा."

"चावटपणा पुरे. हात वर... अजून वर..."

"अहो, शरण आलोच आहे की!"

पोरगी विरघळली, दुसरं काय! तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दादरला आई स्थळं आणत होती, आणि ही बया पातेल्यातलं दूध उतू जाईस्तोवर रघूचे डोळे आठवत उभी. त्याचा हात वर जाताना मध्येच थरथरायचा. ते तिला दिसायचं. पण तिचा सगळ्यात गुणी पेशंट तो, आणि आकडा तर उतरतोय... मग तिनं व्यायाम वाढवले आणि एक दिवस हसत म्हणाली, "जा, चढ परांचीवर."

तो चढला. मोठ्या मूर्तीचा एक डोळा झाला. दुसऱ्याला ब्रश टेकवला आणि खांद्यात कट्‌कन काहीतरी तुटलं. हात खाली पडला, तो वर जाईना. दुसरा डोळा निलेशनं आखला.

इरावतीनं रिपोर्ट पाहिला. खांद्याचा स्नायू पार फाटला होता.

"तू तर म्हणालास, दुखत नाही!"

"पहिल्या दिवशी आठ म्हटलं, तर तुझा चेहरा पडला. कमी सांगितलं, तर खुललीस. मग... तसंच सांगत गेलो."

"माझ्यासाठी? अरे वेड्या, हात घालवलास ना!"

"आकडा मी खोटा सांगितला, कबूल." तो तिच्याकडे बघत नव्हता. "पण इरा, माझ्या खांद्यावर हात तर तुझेच होते. तुला कसं नाही कळलं?"

कळलं होतं रे... हे तिच्या ओठांवर आलं, पण कोणत्या तोंडानं बोलणार? तिनं त्याचा डावा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

"प्रेम आहे गं माझं. पण तुझ्यापुढे आता मला रडतासुद्धा येणार नाही."

ऑपरेशननंतर त्यानं दुसऱ्या डॉक्टर मागितल्या. सरोजिनी मॅडम, वयानं मोठ्या, बोलायला फटकळ. इरावती पडद्याच्या अलीकडे एका कोळीण मावशींचा खांदा फिरवत होती. पलीकडे मॅडमनी रघूचा हात उचलला, आणि तो मोठ्यानं कळवळला, "आई गं! सोडा... सोडा हो मॅडम, खूप दुखतंय!"

इरावतीचा हात थांबला. त्या फटकळ बाईचा वाटला, तसा हेवा तिला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता. मावशी म्हणाल्या, "काय झालं गो पोरी?" आणि तिनं डोळे पुसून पुन्हा त्यांचा खांदा धरला.