अहो, श्वास घ्या

तेरवी आटोपली आणि क्षमा राइट टाउनला जाऊन नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना सांगून आली, की बाबांसाठी मागवलेलं श्वासाचं मशीन आता नको. डॉक्टर हळहळले. झोपेत घसा मिटून श्रीपादरावांचा श्वास अडायचा. मशीनच्या हवेने घसा उघडा राहिला असता. पण मशीन घरी यायच्या आधीच, एका दुपारी जेवून पडले ते श्रीपादराव उठलेच नाहीत.

कांचघर मोहल्ल्यातल्या घरी परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओसरीवरच तिला घोरणं ऐकू आलं. जड, घरघरणारं. आईचा डोळा लागला वाटतं, म्हणून तिने चपला अलगद काढल्या.

पण विनताबाई जाग्याच होत्या. बाबांच्या रिकाम्या पलंगाशी खुर्ची ओढून बसलेल्या. घोरणं पलंगावरून येत होतं.

मग ते मध्येच तुटलं. पंख्याची करकर तेवढी उरली. विनताबाईंनी हात पुढे केला आणि एखाद्याचा खांदा हलवावा तसा हवेतच हलवला.

"अहो... श्वास घ्या."

काहीच नाही. मग खोल पाण्यातून वर आलेल्या माणसाने ओढावा तसा एक श्वास, आणि घोरणं पुन्हा सुरू.

क्षमाने चौकट घट्ट धरली. "आई... हे काय होऊन राहिलं?"

"रोजचंच आहे," विनताबाई पलंगावरची नजर न काढता म्हणाल्या. "जन्मभर यांना हलवत आले. त्या दुपारी माझाच डोळा लागला गं..."

"तू माझ्यासोबत नागपूरला चल."

"अन् यांना उठवेल कोण?"

आईचे डोळे खोल गेले होते. क्षमा भीती गिळून जवळ गेली. "चल, ऊठ. आज मी बसते इथं."

"उठवशील ना?"

"हो गं."

शेजारच्या खोलीत चटईवर अंग टाकताच विनताबाईंना झोप लागली.

क्षमा खुर्चीत बसली. उशीपाशी बाबांच्या बामचा वास होता. परीक्षेच्या दिवसांत याच आवाजावर ती किती चिडायची. आता वाटलं, हा थांबूच नये.

तो थांबला.

तिचा हात पुढे गेला. शेजारून आईचा संथ श्वास ऐकू येत होता. आज हाक मारली, तर उद्याही कुणीतरी मारायला हवी... आणि आई पुन्हा या खुर्चीत येऊन बसेल. क्षमाने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला.

"बाबा... आई झोपली आहे," ती पुटपुटली. "तिला झोपू द्या."

पलंग एकदा करकरला, कुणी कूस बदलल्यासारखा. मग सगळं शांत. ती वाट पाहत राहिली. श्वास आला नाही.

दिवेलागणीला विनताबाई उठल्या. दारात उभं राहून त्यांनी कानोसा घेतला.

"थांबले?"

"हो."

"तू हाक मारली होतीस ना?"

"मारली होती, आई," क्षमा म्हणाली आणि तिने मान वळवली.

अंत्ययात्रेलाही कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहिलेल्या विनताबाई मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. क्षमाने त्यांना पोटाशी धरलं. उद्या नागपूरला जायचं, एवढंच ठरलं.

सकाळी निघण्याआधी क्षमा पलंगावरचं अंथरूण गुंडाळायला गेली. उशी उचलली, तर अभ्रा एका बाजूला ओला होता, तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याच्या लाळेने होतो तसा. तिने बोट लावून पाहिलं.

ओल अजून कोमट होती.