नकुल कुवेतला गेला तेव्हा

जर्सी सिटीजवळच्या आयसेलिनमधल्या एका देशी हॉटेलात टीव्हीवर सारख्या आखातातल्या युद्धनौका दिसत होत्या. बाहेर बर्फाळ, चिकट पाऊस. आसावरी वैतागून गल्ल्यावरच्या मालकांना म्हणाली, "काका, चॅनल बदला ना, प्लीज!"

"राहू द्या ना..." शेजारच्या टेबलावरचा तरुण हळूच म्हणाला. "माझे आई-बाबा तिथे आहेत. कुवेतला."

ती ओशाळली. सॉरी म्हणाली. मग आपली डोशाची प्लेट उचलून सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली.

नकुल कुवेतमध्येच वाढलेला. दोघंही जर्सी सिटीत राहणारे, आयटीतले, व्हिसावरचे. त्या दिवशी ट्रेनने एकत्र परतले आणि मग भेटतच राहिले — नदीकाठी, ओल्या बाकांवर.

"तुझ्या कुवेतला पाऊस पडतो तरी का रे?"

"पडतो ना. शाळेला सुट्टी देतात."

"खोटं!"

"तुझी शपथ..." तो बोलून गेला, आणि दोघंही एकदम नदीकडे बघू लागले.

पण हसता हसता त्याची नजर फोनकडे वळायची. लढाई शेजारी पेटणार होती, आणि झोप उडाली होती कुवेतची. तिथे हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी सुरू झाली होती, लोक पिण्याचं पाणी साठवत होते. नकुलचे बाबा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. मी निघालो तर शहर पाणी कुठून पिणार, म्हणायचे. आता तर ते घरीही येत नव्हते. आई एकटी, त्यात आजारी.

"मी जातोय," एका संध्याकाळी नकुल म्हणाला. "विमानं बंद व्हायच्या आत. आईला पुण्याला मावशीकडे सोडतो."

"आणि परत? व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग झाल्याशिवाय इथे परत घेणार नाहीत तुला."

"माहीत नाही यार..." त्याने तिचा गार हात हातात घेतला. "तू 'जाऊ नकोस' म्हणालीस तर थांबेन."

"आणि मग जन्मभर माझ्यावर चिडशील." तिचे डोळे भरून आले. "जा. पण ऐकून जा... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

तिच्या ओल्या केसांवर त्याने फक्त ओठ टेकले.

तो पोहोचला, आणि पाठोपाठ विमानं बंद झाली.

"आई निघायलाच तयार नाही," फोनवर त्याचा आवाज थकलेला होता. "बाबांना सोडून येणार नाही म्हणते. आता तर रस्ताच बंद. कधी उघडेल, कोण जाणे. आसावरी... माझी वाट बघू नकोस."

फोनमधून भोंगा ऐकू येत होता. मागे त्याची आई घाबरून त्याला हाका मारत होती.

"ते मी ठरवेन," आसावरी म्हणाली. "आईंना फोन दे."

क्षणभर नुसता भोंगा. मग एक थरथरता आवाज — "कोण बोलतंय?"

"काकू, मी आसावरी. नकुलची..." ती अडखळली. "नकुलचीच. भोंगा थांबेपर्यंत माझ्याशी बोला."